शेवटच्या कामाचे शब्द : प्रस्तावना

साखऱ्यात, किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात, कुणी गेले की निरोप फिरतो तो असा : “सकाळी दहाला माती हाय.” निरोप मोबाईलवर येवो, मंदिराच्या भोंग्यावरून येवो की दारात उभ्या माणसाच्या तोंडून, शब्द बहुधा हाच असतो. बोलायचे मातीचे आणि द्यायचा असतो अग्नी, पण त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. दुसरा शब्द मयत. तो अरबीतून आला आणि निजामाच्या राज्यात कचेरीच्या कागदांतून, बाजारातून, शेजारच्या मोहल्ल्यातून आमच्या बोलीत इतका मुरला, की टाळ-मृदंगाच्या गजरात निघालेल्या वारकऱ्याच्या अंत्ययात्रेलाही लोक ‘मयताला चाललो’ असेच म्हणतात. जाळणाऱ्यांच्या तोंडी पुरणाऱ्यांचे शब्द, आणि पंढरीच्या वारकऱ्याला अरबी शब्द. मृत्यूच्या दारात समाज एकमेकांपासून फार लांब राहू शकले नाहीत, याचा हा पहिला पुरावा. अशाच शब्दांचा हा संग्रह आहे.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्या वाचकाने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. प्रेताचे काय करायचे यासाठी लागणारे शब्द कुठल्याही समाजात थोडेच असतात. मागे राहिलेल्यांनी काय करायचे, काय खायचे, कुठे बसायचे, किती दिवस थांबायचे, त्यांच्याकडे कुणी जायचे आणि काय न्यायचे, यासाठीचे शब्द त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून अंत्यसंस्कारांचा कोश हा वरवर मेलेल्यांचा वाटला तरी खरा जिवंतांचाच असतो. हा संग्रह करताना आमचे हे मत पक्के होत गेले, आणि पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

महाराष्ट्रात या विधींचा सर्वात जुना बोलका पुरावा शब्दांत नाही, मातीत आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीची, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, ही शेतकऱ्यांची वस्ती. हे लोक आपली माणसे गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरत. लेकरू गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात ते लेकरू. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून लांब निजवायचे, आणि त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले. का तोडले, याविषयी अभ्यासकांचे तर्क आहेत. गेलेल्याने उठून चालू लागू नये, ही भीती त्यामागे असावी हा त्यातला एक. एकाच माणसाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असे मानले जाते. त्या लोकांचा एक शब्दही आपल्याकडे नाही. तरी मान कुणाला, माया कुणाला आणि भीती कशाची, हे सगळे त्या खड्ड्यांत दिसते. नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो शिळावर्तुळे आहेत, तीही लोहयुगातली दफने. दहन हीच इथली एकमेव आणि आदिम रीत, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन ठिकाणे पाहावीत.

लिखित परंपरा मात्र अग्नीच्या बाजूने बोलते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली अंत्येष्टीची सूक्ते, त्यानंतरची गृह्यसूत्रे, स्मृती आणि गरुडपुराण अशी ती वाट आहे. या वाटेवर मराठवाड्याचा मोठा टप्पा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो आणि ज्याचे नाव औंढ्याच्या नागनाथासारख्या देवळांच्या बांधणीला चिकटले आहे, त्याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात श्राद्धाचा विचार फार विस्ताराने आहे. पुढे 1612 मध्ये कमलाकर भट्टाचा ‘निर्णयसिंधु’ आणि 1790 मध्ये पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ आला. आजही गावचा जोशी सुतकाचे दिवस मोजतो ते बहुधा याच दोन ग्रंथांच्या आधाराने, मग त्याने ते उघडलेले असोत वा नसोत. या सगळ्याचा चिकित्सक आढावा भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात घेतला. त्यांनी अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध यांवर जे लिहिले त्याला वळसा घालून कुणाला पुढे जाता येत नाही.

पण ग्रंथांत गाव नसते. गाव आले ते इंग्रजी अमदानीत. मोल्सवर्थच्या कोशात आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ‘सावडणे’ आणि ‘दहावा’ यांसारख्या शब्दांची नोंद झाली, जातवार रीतींची वर्णने आली. आमच्या निजामी मुलखासाठी सय्यद सिराज उल हसन यांचे जाती-जमातींवरचे पुस्तक 1920 मध्ये निघाले. या वर्णनांचा उपयोग मोठा आहे आणि दोषही मोठा. लिहिणाऱ्याने प्रत्येक जात वेगळ्या कप्प्यात घातली. शेजारच्या घरात मौत झाल्यावर कोण धावत येते, कोण लाकूड तोडते, कोण भाकरी थापते, हे त्या कप्प्यांत मावत नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ने (1915) गावाची कामे आणि त्यांचे मोल प्रथमच नीट मराठीत मांडले, आणि त्यातून ही वीण दिसू लागली.

आता ती वीण जवळून पाहू. माणूस जायला टेकला की तोंडात पाणी, तुळशीचे पान. जीव गेला की अंग भुईवर. बाहेर कुणीतरी बांबू तोडतो आणि तिरडी बांधायला बसतो. हे काम घरच्यांनी करायचे नसते, भावकीतला किंवा शेजारचा कुणी पोक्त माणूस करतो. अंघोळ, नवे कापड, गुलाल-बुक्का. ज्याच्या हातून अग्नी द्यायचा तो पुढे मडके धरून चालतो. त्या मडक्याला काही भागांत टिटवे म्हणतात. खांदेकरी बदलत राहतात. वाटेत एका ठिकाणी तिरडी खाली टेकवतात, खांद्यांची अदलाबदल होते, त्या जागेला विसावा म्हणतात. स्मशानात सरण रचलेले असते. एका देहाला तीनेक क्विंटल लाकूड लागते. मंत्रासह दिला तर मंत्राग्नी, मंत्राविना दिला तर भडाग्नी. मग खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला मागून एकजण दगडाने मडक्याला टोचा मारतो आणि पाण्याची धार लागते. शेवटी मडके मागच्या मागे टाकायचे आणि वळून पाहायचे नाही. तो दगड म्हणजे अश्मा. आमच्याकडे त्याला जीवखडा म्हणतात आणि दहाव्यापर्यंत जपून ठेवतात. घरी परतताना कडुनिंबाचा पाला चावायचा. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. दहाव्याला नदीवर, आमच्याकडे कयाधूवर, पिंड मांडायचे आणि कावळ्याची वाट पाहायची.

कावळा शिवेना, की खरी घालमेल सुरू होते. तिथे जमलेली माणसे गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल ते आठवू लागतात. “धाकटीचं लगीन आम्ही करू.” “वावर इकणार न्हाई.” “म्हातारीला सांभाळू.” एकेक जण पुढे येऊन पिंडापाशी मोठ्याने कबूल करतो. कावळा येवो न येवो (आला नाही तर दर्भाचा करतात), दहा माणसांसमोर घरच्यांची जबाबदारी बोलली गेलेली असते, आणि ती मागे घेता येत नाही. काकस्पर्शाला अंधश्रद्धा म्हणून सोडून देणाऱ्यांनी आणि त्यातून पुढच्या जन्माचा हिशेब काढणाऱ्यांनीही ही गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे मृत्युपत्राचे वाचन होत असते, फक्त लिहिलेला कागद नसतो.

ही सगळी वीण गोड नव्हती. मौतीचा सांगावा घेऊन परगावी धावणे, सरणाचे लाकूड फोडणे, ही कामे पिढ्यानपिढ्या महारांवर लादलेली होती. मोबदल्यात प्रेतावरचे कापड. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. आणि ज्यांनी सगळ्या गावाची सरणे रचली त्यांना स्वतःच्या माणसासाठी मात्र वेगळी जागा. आजही मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत जातीजातींची स्मशाने निराळी आहेत, काहींना शेड आहे, काहींना रस्तासुद्धा नाही, आणि भर पावसात अडवलेल्या प्रेताची बातमी दर पावसाळ्यात येते. कोशात शब्द लिहिताना ते काम कुणाकडून करवून घेतले जाई हे लिहिले नाही, तर तो कोश अर्धवट राहतो. आम्ही ते लिहिले आहे.

जोतीराव फुल्यांनी या विधींवरचा पुरोहिताचा ताबाच नाकारला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी भटाविना करायच्या विधींची वाट आखून दिली. आपल्याला मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती, पण 1890 मध्ये त्यांच्या निधनानंतर तशी परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि त्या पुढे चालल्या. एका मडक्याला इतिहासात याहून मोठे स्थान मिळालेले मला ठाऊक नाही. डॉ. आंबेडकरांच्या 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने आपली स्वतंत्र भाषा घडवली. त्रिशरण-पंचशील, परित्राण पाठ, जलदान विधी, पुण्यानुमोदन. पिंड गेला, कावळा गेला, सुतक गेले. दिवंगत माणसाला ते कालकथित म्हणतात. मराठीत जाणीवपूर्वक, एका पिढीत घडवलेला आणि रुजलेला इतका मोठा विधी-शब्दसंग्रह दुसरा नाही.

पुरणाऱ्यांच्या परंपरा आमच्या भागात अनेक आहेत. लिंगायत समाजात मृताला बसलेल्या स्थितीत, भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन माती देतात. तो लिंगैक्य झाला असे म्हणतात, आणि तत्त्वतः तिथे सुतक नाही. महानुभावांत, नाथपंथी आणि गोसावी समाजांत समाधी देण्याची रीत आहे. नामदेवांच्या नर्सीपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्त्यांतही दात न आलेले लेकरू जाळत नाहीत, पुरतात. मुसलमानांत गुस्ल, कफन, जनाजा, दफन, तिसऱ्या दिवशीची जियारत, चाळिसावा. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. गरीब-श्रीमंताचे कफन सारखे आणि घाई शक्य तितकी. मेळघाटातले कोरकू गेलेल्याच्या नावाने कोरलेला लाकडी खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. पारशांचा दोखमा, सगदीद, उठमणा हे शब्द मुंबईबाहेरच्या मराठी वाचकाला क्वचितच भेटतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडे मेली आणि त्यांच्या हवाली देह करण्याची हजारो वर्षांची एक रीत अडून बसली. 2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह झाले ते त्या अडचणीतून. ख्रिस्ती दफनविधीचे शब्द अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना आणि वसई इथे वेगवेगळे आहेत. त्यांची नोंद संग्रहात आहे, इथे त्यात शिरत नाही.

ज्यूंच्या विधींवर मात्र थांबायला हवे. मराठवाड्यातला वाचक विचारील, आपल्याकडे ज्यू कुठे? पण बेने इस्राएल हे मराठीच लोक आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथेच पुरले, पुरुष एका ठिकाणी, बायका दुसऱ्या ठिकाणी, अशी त्यांची परंपरा सांगते. एका समाजाची आठवण दफनापासून सुरू होते, हे विसरता येत नाही. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, म्हणजे गावांवरूनच. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले, त्याला लोक जुनी मशीद म्हणत. पुण्यातल्या ओहेल डेव्हिड प्रार्थनामंदिराला लोक लाल देऊळ म्हणतात, आणि त्याच्या आवारात बगदादी ज्यू डेव्हिड ससूनची कबर आहे. 1880 मध्ये बेने इस्राएल समाजाने कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहामाचे चरित्र मराठी कीर्तनात गायिले. हईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास 1937 मध्ये छापला गेला, आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या रीतींसाठी तो आजही पहिला आधार आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मागे राहिलेल्यांना 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने अल्पसंख्याक दर्जा दिला. जुन्या कबरींवर हिब्रूशेजारी देवनागरी अक्षरे आहेत. ही अक्षरे वाचू शकणारा कुणीही वाचक या विषयाला परका नाही.

ज्यू परंपरेत शोकाचे नियम तालमुद या धर्मग्रंथात आहेत. त्यांना वाहिलेल्या एका छोट्या ग्रंथाचे रूढ नाव ‘सेमाहोत’, म्हणजे आनंद. अशुभाचे नाव थेट घ्यायचे नाही, ही सवय आपल्याला नवी नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारोच्या ‘शुल्हान आरुख’ने हे नियम एका ठिकाणी बांधले. हे नियम वाचताना जाणवते ते असे, की शोक करणाऱ्या माणसाच्या अवस्था इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या परंपरेने मोजलेल्या नाहीत.

मृत्यू झाल्यापासून दफन होईपर्यंत जवळचा नातलग हा ‘ओनेन’. त्याला प्रार्थनेसारख्या कर्तव्यांतूनही सूट असते, कारण त्या घडीला त्याचे एकच काम : आपल्या माणसाला मातीत पोचवणे. दफन शक्यतो लगेच करायचे. तोवर प्रेताजवळ कुणीतरी जागे राहते. देह धुणे ही ‘तहारा’, पांढरे साधे कापड ‘तखरिखीम’, आणि ही सेवा करणारे लोक ‘हेवरा कादिशा’, म्हणजे पवित्र मंडळी. ती सेवा सर्वात निखळ मानतात, कारण तिची परतफेड घेणारा करू शकत नाही. अंत्ययात्रेला ‘लेवाया’ म्हणतात, म्हणजे सोबत करणे. नातलग अंगावरचे कापड फाडतो, ती ‘क्रिया’ (आपल्या क्रियेशी या शब्दाचा संबंध नाही, तो हिब्रू आहे). आईबापासाठी डाव्या बाजूला, काळजावर फाडायचे, आणि ती फाट पुन्हा नीट शिवायची नसते. इतरांसाठी उजवीकडे, आणि ती तीस दिवसांनी शिवता येते.

दफनानंतर ‘शिवा’, म्हणजे सात. सात दिवस घरात, बसणे खालच्या बैठकीवर, चामड्याचे जोडे नाहीत, दाढी नाही, आरसे झाकलेले. दार उघडे. लोक येतात, बसतात, आणि घरचा माणूस बोलेपर्यंत त्यांनी बोलायचे नसते. मग ‘श्लोशीम’, तीस दिवस. आईबापासाठी शोक वर्षभर. मुलगा ‘कद्दिश’ म्हणतो. ही प्रार्थना अरमाईक भाषेत आहे, तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त देवाच्या नावाची थोरवी आहे. ती एकट्याने म्हणता येत नाही, किमान दहा जण हवेत. ती म्हणायची अकरा महिने. कारण पाप्यांचा निवाडा बारा महिने चालतो असे मानतात, आणि बाराव्या महिन्यातही ती म्हटली तर आपला बाप पापी होता असे म्हटल्यासारखे होईल. बापाच्या आठवणीची एवढी अदब क्वचित पाहायला मिळते. कबरीवर लोक फुलांऐवजी खडे ठेवतात.

इथे एक सावधगिरी सांगतो. ज्यू शोकविधींच्या ज्या याद्या सर्वत्र फिरतात त्या बहुतेक पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या अश्कनाझी समाजाच्या आहेत. वर्षदिनाला ‘यारझाईट’ म्हणणे ही त्यांची यिडिश बोली. बेने इस्राएल प्रार्थनेत सेफार्दी रीत पाळतात, आणि मृतासाठीच्या प्रार्थनेला ‘हश्कबा’ म्हणतात. त्यामुळे एक ज्यू शब्द सगळ्या ज्यूंचा मानू नये, जसा मंत्राग्नी हा सगळ्या हिंदूंचा मानता येत नाही. या संग्रहात प्रत्येक नोंदीपुढे तो शब्द कुणाचा आणि कुठला हे दिले आहे ते यासाठी.

हे सगळे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट ठसठशीत दिसते. साखऱ्यात मौतीच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजारची येते. ज्यू नियम सांगतो की दफनाहून आल्यावर पहिले जेवण शोकाकुलाने स्वतःचे खायचेच नाही. शेजाऱ्यांनी आणायचे, त्यात अंडी आणि मसूर असतात. इस्लाममध्ये प्रेषितांनी जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवायला सांगितल्याची हदीस आहे, आणि मोहल्ल्यातून डबे जातात ते त्याच आज्ञेने. जाळणारे आणि पुरणारे, आत्मा मानणारे आणि न मानणारे, या एका भाकरीवर सगळे एक आहेत. खांद्याला चार, कद्दिशला दहा, जनाज्याच्या नमाजाला रांगा. एकट्याला मरता येते, पण एकट्याला पोचवता येत नाही.

फरकही तितकाच मोठा आहे आणि तो झाकू नये. ज्यूंचा शिवा घराचे दार उघडतो, आपले सुतक ते अर्धे मिटवते. सुतकाने शोकातल्या माणसाला कामातून मोकळीक दिली हे खरे, पण त्याला विटाळाच्या भाषेत बांधले. त्या विटाळाचा सर्वात जास्त भार विधवेवर पडला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढणे, हे शब्द या संग्रहात लिहिताना हात जड होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हे शब्द फक्त कोशातच उरावेत असे मला मनापासून वाटते. बाकीच्या शब्दांबद्दल मात्र उलटे वाटते.

कारण ते फार वेगाने जात आहेत. तालुक्याच्या गावी आता अंत्यविधीचे सगळे साहित्य एका पिशवीत मिळते, त्यामुळे तिरडी बांधणारा पोक्त माणूस लागत नाही. वैकुंठरथ आला, विसावा गेला. पोरे पुण्याला कामाला, कुणी परदेशात, म्हणून दहावा-तेरावा तिसऱ्याच दिवशी उरकतात, आणि त्यात गैर काही नाही, माणसांना रजा नसते. देहदान केले की सरणही नाही आणि सावडणेही नाही, तिथे दुःखाला बसायला नवी जागा शोधावी लागते, आणि लोक ती शोधत आहेत. पण 2020 आणि 2021 मध्ये काय झाले ते आठवा. अनोळखी हातांनी आपली माणसे पोचवली, घरचे फाटकाबाहेर. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, करोनाने गेलेल्या सगळ्यांचे दहनच करायचे असा आदेश काढला आणि काही तासांतच मागे घेतला. दफन हा एखाद्या समाजासाठी केवळ पर्याय नसतो, हे प्रशासनाच्या लक्षात यायला तेवढे तास लागले. आपल्याला एकमेकांचे हे शब्द माहीत असते तर कदाचित लागले नसते.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. शेजारच्या अब्दुलचाचांकडे जियारतीला जायचे की नाही, लिंगायत मित्राच्या घरी सुतक विचारायचे का, बौद्ध सहकाऱ्याच्या वडिलांना कैलासवासी लिहिणे बरोबर का, हे नव्या पिढीला माहीत नसते आणि विचारायला संकोच वाटतो. मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत वैकुंठवासी, लिंगैक्य, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी, कालकथित असे शब्द रोज छापले जातात. ते नुसते सभ्यतेचे शब्द नाहीत. गेलेला माणूस स्वतःला कुठे चाललो असे समजत होता, ते त्यांत आहे. चुकीचा शब्द घरच्यांना लागतो.

या संग्रहाने काय करायचे ठरवले तेही सांगतो. शब्दाचा अर्थ, तो कोणत्या भागात आणि कोणत्या समाजात चालतो, ते काम प्रत्यक्षात कसे करतात आणि कोण करते, एवढे प्रत्येक नोंदीत आहे. बोलीतला शब्द मूळ नोंद म्हणून आणि संस्कृत किंवा अरबी-हिब्रू रूप नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला. ‘माती’ ही नोंद ‘अंत्येष्टी’हून मोठी आहे. कोणता विधी योग्य याचा निवाडा आम्ही केलेला नाही. जिथे अन्याय होता तिथे मात्र तो अन्याय म्हणूनच लिहिला आहे. मोक्ष, पुनर्जन्म, कयामत यांच्या तत्त्वज्ञानात संग्रह शिरत नाही, त्यासाठी मोठे ग्रंथ आहेत. हा वापरायचा कोश आहे. निधनवार्ता लिहिणारा वार्ताहर, मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करून घेणारा ग्रामसेवक, शाळेत वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना सामोरा जाणारा शिक्षक, आणि शेजारी मौत झाल्यावर दारात उभा राहून काय बोलावे हे न सुचणारा कुणीही, यांच्यासाठी.

संग्रह पूर्ण नाही. आंध आणि हटकर समाजांचे, बंजारा तांड्यांवरचे कितीतरी शब्द अजून यायचे आहेत, आणि कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठी घरांत कोणते मराठी शब्द टिकले आहेत तेही. तुमच्या घरात, तुमच्या गावात आजी-आजोबांच्या तोंडी असा शब्द असेल तर तो गावाच्या आणि समाजाच्या नावासह लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. ज्यांना ते ठाऊक आहेत ती माणसे म्हातारी आहेत, त्यांना आजच विचारा.

साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
— संपादक